सडपातळ देहातली चरबी

(तलमडुगु येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आरतीनंतर मोदकांचं ताट फिरलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "घ्या हो, तुम्ही तर काडीसारखे!" आम्हीही हेच म्हणत आलो. पण आमच्याच घरातल्या काडीसारख्या काकांना चाळिशीत मधुमेह निघाला, तेव्हा आम्ही या विषयाकडे वळलो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२!

हा फरक जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंत कमी पडली, चरबीत मात्र फारशी नाही.

असं का व्हावं? प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. मंडपातला बटणांचा बोर्ड एकच, पण दिवा लागेल की पंखा, हे कोणतं बटण दाबलं त्यावर ठरतं; तसंच हे. एकाच मूळपेशीतून हाडाची, स्नायूची किंवा चरबीची पेशी घडू शकते. चरबीचं मुख्य बटण म्हणजे पीपीएआर-गॅमा हे प्रथिन. ते डीएनएवर बसून चरबी साठवणारी अनेक जनुकं जागी करतं. १९९४ साली अमेरिकेत ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत ते साध्या तंतुपेशींत घातलं, तर त्यांच्या चरबीपेशी झाल्या.

या पेशी म्हणजे आपल्या कणग्या. त्या भरल्या की धान्य ओसरीवर येतं. तशी जादा चरबी यकृतात साठते आणि इन्सुलिनचं काम अडतं.

काही जनुकांना मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांचं कुलूप असतं. त्या खुणा घडायला बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं लागतात, आणि गर्भाला ती आईच्या ताटातूनच मिळतात. त्याच सहा खेड्यांत, गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक आढळलं. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त घेत, त्यांची बाळं मात्र वजनदार होती.

आपल्याकडे अंबाडी आहे, दूध आहे. पण अनेक घरांत सून अजून सगळ्यांच्या मागून जेवते. बाप्पाच्या नैवेद्यानंतरचं पहिलं ताट घरातल्या गर्भारणीचं असू द्या. आणि काडीसारख्या मंडळींनीही रक्तातली साखर तपासून घ्यावी. एवढंच आमचं मागणं.

गणपती बाप्पा मोरया!