वजन उतरविण्याचे दावे आणि त्यांची तपासणी
(वार्षिक सभेत प्रशासन विभागातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयात 'स्लिमिंग सेंटर' सुरू करावे, अशी सूचना यंदा काही हितचिंतकांनी केली. यंत्रांसाठी देणगी देण्याचीही त्यांची तयारी होती. विश्वस्त मंडळाने ती सूचना स्वीकारली नाही. तिची कारणे आपणांसमोर ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

प्रशासनातील आम्ही मंडळी वाणिज्य शाखेची. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. म्हणून व्हाउचर तपासावे तसे आम्ही आमच्या डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारले : उपाय किती जणांवर तपासला, कशाशी तुलना केली आणि किती काळ पाहिले? घाम काढणाऱ्या पट्ट्याने काट्यावरचा आकडा उतरतो खरा, परंतु उतरते ते पाणी. तहान भागली की आकडा पूर्ववत. जाहिरातीतील 'आधी' आणि 'नंतर'च्या छायाचित्रांत, ज्यांना गुण आला नाही त्यांना जागा नसते. (औषधाने स्थूलता बरी होते अशा जाहिरातींस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातीविषयक कायद्याने मनाई आहे, हे जाता जाता नमूद करतो.)

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सिब्युट्रामिन या औषधाने वजन उतरत होते, याविषयी वाद नव्हता. परंतु हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांना काही वर्षे पाहिल्यावर, औषधाचा अंश नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात हृदयाघात व पक्षाघात अधिक आढळले. २०१० मध्ये ते अमेरिका व युरोपच्या बाजारातून गेले. पुढे भारतातही त्यावर बंदी आली.

म्हणून प्रत्येक नवे औषध थोतांड ठरत नाही. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधील चाचणीत १,९६१ व्यक्ती होत्या. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, इतरांचे २.४ टक्के. हा पुरावा आम्ही मानतो. परंतु इंजेक्शन थांबविल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. आमच्या हिशेबी भाषेत हा भांडवली खर्च नव्हे, आवर्ती खर्च आहे. पहिल्या महिन्याचे पैसे उसने आणणाऱ्या कुटुंबास हे आधी कळले पाहिजे, आणि मळमळ-उलट्यांचा संभवही. त्यामुळे ही इंजेक्शने येथे डॉक्टरांच्या तपासणीनंतरच लिहून दिली जातात. त्यांचे 'पॅकेज' आम्ही विकत नाही.

आपल्याच देशातील एक अभ्यास विश्वस्तांना विशेष पटला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवरील या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार व चालण्याविषयी वारंवार मार्गदर्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के होते. यांच्या वजनात मात्र लक्षणीय घट नव्हती! काट्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाने हा उपाय निष्फळ म्हणून सोडून दिला असता.

यंत्रांसाठी देऊ केलेली रक्कम पूर्णवेळ आहारतज्ज्ञाच्या वेतनासाठी वापरण्यास संबंधित देणगीदारांनी मोठ्या मनाने संमती दिली आहे. बाह्यरुग्ण विभागात आता वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजला जातो. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर वा अधिक भरल्यास त्याच दिवशी आहारतज्ज्ञांकडे पाठविण्यात येते. घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने रुग्णासोबत यावे, अशी विनंती आहे. या सल्ल्यास शुल्क नाही.