सुखरूप पोहोचलेला अपराधी

(नवी मुंबई येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



गीतेच्या पठणापेक्षा फुटबॉलच्या मैदानावरून स्वर्ग अधिक जवळ आहे, अशा आशयाचा उपदेश स्वामी विवेकानंदांनी १८९७ साली मद्रासच्या तरुणांना केला होता. दुर्बल देहात धर्म उभा राहत नाही, बाहू बळकट झाले म्हणजे गीतेचा अर्थ अधिक नीट उमगतो, हे स्वामीजींना सांगायचे होते. या उपदेशाचा पूर्वार्ध आपल्याकडे पुष्कळदा सांगितला जातो, उत्तरार्ध मात्र विसरला जातो. मैदानावर बळ कमावून झाल्यावर गीतेकडे परत यायचेच असते. बळाला संयमाचा लगाम नसला तर काय घडते, याची उदाहरणे त्याच फुटबॉलच्या जगात विपुल आहेत.

७ जून २००८ ची पहाट. इंग्लंडमधील प्लिमथ अर्गाइल या व्यावसायिक संघाचा गोलरक्षक ल्यूक मॅकॉर्मिक एका विवाहसमारंभाहून मोटारीने परतत होता. त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक होते. द्रुतगती महामार्गावर त्याची गाडी पुढच्या मोटारीवर आदळली. त्या मोटारीत १० आणि ८ वर्षांचे दोन सख्खे भाऊ होते. वडिलांबरोबर ते मोटारींची शर्यत पाहायला निघाले होते. दोघेही दगावले, वडील गंभीर जखमी झाले. मॅकॉर्मिकला ७ वर्षे ४ महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षेचा काही भाग भोगून तो २०१२ साली सुटला आणि पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला.

आता दुसरी दोन नावे पाहा. इंग्लंडचा विख्यात आघाडीपटू वेन रूनी सप्टेंबर २०१७ मध्ये मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट मद्य घेऊन गाडी चालवताना पकडला गेला. न्यायालयाने त्याच्यावर २ वर्षे वाहन चालवण्याची बंदी घातली आणि १०० तास विनावेतन समाजसेवेची शिक्षा दिली. जुलै २०१८ मध्ये फ्रान्सचा कर्णधार म्हणून विश्वचषक उंचावणारा ह्यूगो लोरिस त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रस्त्यावर याच अपराधात सापडला. त्याला ५० हजार पौंड दंड आणि २० महिन्यांची वाहनबंदी झाली. या दोघांच्या गाडीखाली कोणी आले नाही. वर्तमानपत्रांनी चार दिवस मथळे दिले आणि प्रकरण मिटले.

या तिघांच्या आचरणात फरक कोणता? तिघेही गाडीची किल्ली खिशात ठेवून प्यायले. प्यायल्यावर तिघांनीही तीच किल्ली हातात घेतली. पैशाची कमतरता एकालाही नव्हती, भाड्याची गाडी सहज मिळाली असती. फरक पडला तो एवढाच की, एकाच्या वाटेत दोन बालके होती आणि इतरांच्या वाटेत नव्हती. हा फरक त्यांच्या चारित्र्याचा नव्हे, वाटेत कोण आले याचा आहे. कायदा परिणाम पाहून शिक्षा ठरवतो, कारण त्याला पुरावा लागतो. धर्माचा विचार कृतीपाशी आणि संकल्पापाशी जाऊन थांबतो. त्या विचाराने पाहिले, तर मद्य पिऊन गाडी चालवून सुखरूप घरी पोहोचलेला माणूसही अपराधी आहे. त्याचा अपराध केवळ दैवाने झाकला आहे.

महाभारताच्या उद्योगपर्वात सनत्सुजात धृतराष्ट्राला मृत्यूचे स्वरूप सांगतात. मृत्यू म्हणजे कोणी यमदूत नव्हे, माणसाचा प्रमाद हाच मृत्यू, असे त्या उपदेशाचे सार आहे. प्रमाद म्हणजे सावधपणा सुटणे. मद्य पिऊन चाक हाती घेणारा माणूस आपला सावधपणा स्वतःच्या हाताने काढून ठेवतो. मग ‘तो शुद्धीवर नव्हता’ ही सबब कशी चालेल? पहिला पेला ओठाला लावला, तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता आणि गाडी बाहेर उभी आहे हे त्याला ठाऊक होते. राम गणेश गडकरी यांनी आपल्या नाटकाला ‘एकच प्याला’ हे नाव दिले, त्यामागे हेच मर्म आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातील सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे. बुद्धी त्याला वाचवू शकली नाही, तशी कीर्ती आणि शरीरसंपदा खेळाडूला वाचवू शकत नाही.

आपल्या न्यायालयांनाही हे मर्म उमगले आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्य प्यायलेल्या एका तरुणाची गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. सात जण ठार झाले, आठ जण जखमी झाले. सत्र न्यायालयाने अवघी ६ महिन्यांची कैद दिली, तेव्हा समाजात संताप उसळला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली दोषी धरून ३ वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एवढी शिक्षाही अपुरी आहे, पण सरकारने वाढीसाठी अपील केलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले. या निकालाचे महत्त्व शिक्षेच्या वर्षांपुरते नाही. मद्य पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपल्या हातून माणसे मरू शकतात याचे ज्ञान असते, हे तत्त्व त्यात मान्य झाले. ज्याला ज्ञान होते, त्याला ‘अपघात’ या शब्दामागे लपता येत नाही.

कायद्याचा आकडा पाहिला, तर आपला देश ढिला नाही. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्य ही आपली मर्यादा आहे, तर इंग्लंडमध्ये ती ८० मिलिग्रॅम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधाला १० हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुन्या दंडसंहितेत २ वर्षांपर्यंत शिक्षा होती, भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून ती सर्वसाधारणपणे ५ वर्षांपर्यंत नेली. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ पासून रात्रीच्या नाकाबंदीची मोहीम नेटाने चालवली. हे सारे आवश्यकच आहे. परंतु आज्ञापत्राने मद्याची धुंदी उतरत नाही, हे महाभारतातील मौसलपर्वानेच सांगून ठेवले आहे. द्वारकेत मद्य गाळण्यास बंदी करणारी दवंडी पिटली गेली होती. तरीही प्रभासक्षेत्री यादववीर प्यायला बसले, सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात शब्दाला शब्द वाढला आणि कुरुक्षेत्रावरून जिवंत परतलेले हे योद्धे आपसात लढून संपले. ‘यादवी’ हा शब्द मराठीला त्या प्रसंगाने दिला. दवंडी होती, पण कुळातील थोरच त्या पंगतीत बसले होते. थोर माणसे जसे वागतात तसे इतर वागतात, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सिद्धान्त येथे उलट्या बाजूने खरा ठरला.

आजच्या समाजात त्या थोरांच्या जागी खेळाडू येऊन बसले आहेत. म्हणून त्यांची जबाबदारी सामान्य माणसाहून मोठी आहे. पण त्यांच्याभोवतीच्या व्यवस्थेचे काय? २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या खेळाडूंनी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले. वंगभंगाच्या जखमेने विव्हळणाऱ्या बंगालला शिवदास भादुडी यांच्या त्या संघाने ताठ उभे केले. त्याच मोहन बागानच्या नावाआधी १९९८ नंतर अनेक वर्षे एका व्हिस्कीचे नाव झळकत होते आणि प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालच्या नावाआधी एका बिअरचे! ज्या संघाने परकीय सत्तेला नमवले, त्याच्या नावाला मद्याच्या व्यापाराचा टिळा लागला आणि आपण टाळ्या वाजवत राहिलो. जो व्यवसाय मद्याच्या पैशावर मैदान सजवतो, त्याने खेळाडूला संयमाचे व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यायचे? या पार्श्वभूमीवर सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण उठून दिसते. वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांना दिलेल्या शब्दाखातर त्यांनी मद्य आणि तंबाखूच्या जाहिराती आयुष्यभर नाकारल्या. घरातला एक शब्द बाजारातल्या कोट्यवधींना पुरून उरला. संस्कार म्हणतात तो हाच.

संस्कार नसला की अपराधानंतरचे वर्तन अपराधाहून हीन होते. २००३ साली ली ह्यूजेस या इंग्रज फुटबॉलपटूच्या गाडीने एका गृहस्थाचा बळी घेतला. तो घटनास्थळावरून पळाला आणि सुमारे ३६ तासांनी पोलिसांसमोर हजर झाला. तोवर त्याच्या रक्ताची चाचणी निरर्थक झाली होती. न्यायालयाने त्याला ६ वर्षांची कैद दिली, पण तो प्यायला होता की नाही, हे रक्त सांगू शकले नाही. आपल्याकडे ७ जुलै २०२४ रोजी वरळीत एका महिलेला मोटारीने फरफटत नेल्याच्या प्रकरणातील आरोपी, सत्तेतील एका पक्षाच्या पुढाऱ्याचा मुलगा, दोन दिवसांनी पोलिसांच्या हाती लागला. त्याआधी १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या आलिशान गाडीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने प्रथम ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन दिला. त्यानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली ससून रुग्णालयातील डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. न्यायालयात काय सिद्ध व्हायचे ते होईल. परंतु मुलाच्या हाती गाडी देताना, त्याला मद्यालयाची वाट मोकळी ठेवताना घरातल्यांची जबाबदारी संपते का, हा प्रश्न न्यायालयाचा नसून प्रत्येक कुटुंबाचा आहे.

अपराध्याला परतीची वाट नाहीच का? आहे. आपल्या परंपरेत तिला प्रायश्चित्त म्हणतात. आर्सेनलचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्स १९९० साली मद्याच्या अमलाखाली गाडी भिंतीवर आदळवून ४ महिन्यांच्या शिक्षेवर तुरुंगात गेला. सुटल्यावर तो लगेच मैदानावर परतला, त्या मोसमात आर्सेनल विजेताही ठरला, प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. पण पिणे सुटले नाही. १९९६ साली त्याने आपण मद्यपी आहोत, हे जाहीरपणे कबूल केले, व्यसन सोडले आणि २००० साली व्यसनग्रस्त खेळाडूंसाठी उपचारसंस्था स्थापन केली. तुरुंगवास ही शिक्षा होती. प्रायश्चित्त त्यानंतर सहा वर्षांनी सुरू झाले. प्रेक्षकांच्या टाळ्यांनी त्याला त्यापासून लांबच ठेवले होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

हे सारे नवी मुंबईत का सांगायचे? नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २०१७ साली १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. या शहरातील मुलेमुली फुटबॉलचे स्वप्न पाहू लागली आहेत. आणि याच शहराच्या खाडीकाठाने वाशीपासून बेलापूरपर्यंत पाम बीच मार्गासारखा रुंद, सरळ, वेगाचा मोह घालणारा रस्ता गेला आहे. कळंबोलीपासून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. रस्ते सिडकोने आणि शासनाने बांधले. त्यांवरून कसे जायचे, हे घराने शिकवायचे आहे.

दीप अमावास्येची ‘गटारी’ करणारा, हळदीच्या रात्री आणि ३१ डिसेंबरला ‘ओली पार्टी’ मांडणारा समाज हा आपलाच समाज आहे. परक्यांच्या अनुकरणाला दोष देऊन सुटका नाही. यजमानाने पाहुण्याच्या हाती पेला दिला आणि मग ‘सांभाळून जा’ म्हणून निरोप दिला, तर त्या यजमानाचाही अपराधात वाटा आहे. शेजारच्या आसनावर गप्प बसून राहिलेल्या मित्राचा वाटा आहे. ‘रोजच तर येतो, काही होत नाही’ म्हणून दार उघडणाऱ्या घरच्यांचाही आहे. व्यसनापासून समाज दूर राहावा हे ध्येय आहेच, त्याला वेळ लागेल. पण प्यालेल्या माणसाच्या हातून किल्ली काढून घेण्यासाठी कोणत्या कायद्याची वाट पाहायची? थोडा वाईटपणा पत्करावा लागेल, नात्यात चार दिवस अबोला येईल.

आणि जो आज रात्रीही तसाच गाडी चालवत सुखरूप घरी पोहोचेल, त्याचे उद्या सकाळी कौतुक होता कामा नये. त्याने अपराध केला आहे, हे त्याला घरातल्यांनीच स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. कोणाचा तरी मृतदेह रस्त्यावर पडल्यानंतर न्यायाधीशांनी ते सांगण्यापेक्षा, घरच्या दिवाणखान्यात आईने किंवा पत्नीने सांगितलेले फार स्वस्त पडते.