जहाजावरची अँटेना



सकाळी हातकणंगले स्टेशनवर उतरल्यापासून तिघांनी विचारलं, "तू नेमकं करतोस काय रं?" "कॉम्प्युटरचं काम" म्हणून एरवी सुटतो, आज सुटका दिसत नाही. मोठ्या जहाजांवर अँटेना कुठं बसवायची, याची गणितं मी करतो.

अँटेना एकटी असते तेव्हा शहाण्यासारखी वागते. जहाजावर मात्र डोलकाठी, धुराडं, क्रेन, कठडे, सगळं लोखंडच. लहरी त्यांच्यावर आदळतात, परततात, कडांवरून वळतात, आणि एखाद्या दिशेला आवाज पोचतच नाही.

आपण घरोघरी ऐकलेली सांगली आकाशवाणी 1251 किलोहर्ट्झवर. तिची लहर सुमारे 240 मीटर लांब. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'आयएनएस विशाखापट्टणम' 163 मीटरची, म्हणजे त्या एका लहरीत सहज मावेल. पण 10 सेंटिमीटर लहरीच्या रडारला तीच नौका सोळाशे लहरींएवढी. 'मेथड ऑफ मोमेंट्स' या अचूक पद्धतीत पत्र्याचे लहरीच्या दहाव्या भागाएवढे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी हिशेब मांडायचा. एका चौरस मीटरचे 10 हजार तुकडे. तुकड्यामागे एकच अज्ञात धरला तरी कोष्टकात 10 कोटी आकडे, म्हणजे दीड जीबीच्या वर मेमरी. तुकडे दहापट झाले की आकडे शंभरपट. अख्ख्या नौकेचं तुम्हीच बघा.

म्हणून हायब्रिड पद्धत. (आपल्याला ज्वारी आठवणार, ठाऊक आहे!) अँटेना आणि तिचा शेजार अचूक पद्धतीनं सोडवायचा, लांबचे मोठे पत्रे मात्र प्रकाशकिरणांच्या नियमांनी. कडेवरून लहर कशी वळते याचं गणित जोसेफ केलर यांनी 1962 मध्ये मांडलं. सावलीच्या सीमेवर ते कोसळायचं. ती अडचण 1974 मध्ये कूयूमजियन आणि प्रभाकर पाठक यांनी सोडवली.

तरी शेजार कुठं संपतो, हे माणसालाच ठरवावं लागतं. तिथंच मी चुकलो. एका मालवाहू जहाजाच्या व्हीएचएफ अँटेनाजवळ मीटरभर लांबीची लोखंडी शिडी होती. "नगण्य" असं लिहून मी ती वगळली. चॅनेल 16 ची लहर दोन मीटरच्या आतबाहेर. तिच्या निम्म्या लांबीचं लोखंड म्हणजे दुसरी अँटेनाच की! समुद्रातल्या चाचणीत एका बाजूनं आवाज येईना. माझ्या आलेखात ती बाजू स्वच्छ होती. बुडणाऱ्या जहाजाची हाक याच चॅनेलवर येते. जहाज ताब्यात देण्याआधी कळलं, म्हणून आज इथं उभा राहून सांगतोय.

त्या रात्री नववीतली वही आठवली. घर्षण "नगण्य" म्हणून मी सोडलेलं, आणि खाली सरांची लाल शाई: "किती, ते आधी लिही."

सर पहिल्या रांगेत बसलेत. सर, शिडी धरून आणि वगळून, दोन्ही गणितं सोडवून आणलीत. जेवणं झाल्यावर तपासाल का?