उपायांच्या शोधात विद्यार्थ्यांची यात्रा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळा-महाविद्यालयांच्या सहली ही आपल्या सर्वांच्या परिचयाची गोष्ट आहे. किल्ले, लेणी, धरणे, कारखाने पाहून विद्यार्थी परततात, वर्गात निबंध लिहितात आणि विषय संपतो. गेल्या काही वर्षांत मात्र शैक्षणिक प्रवासाचा एक वेगळा प्रकार जगभर रुजत आहे. विद्यार्थ्यांचा एक लहान गट कॅमेरा घेऊन निघतो. वाढते तापमान, लहरी पाऊस, विजेची टंचाई यांना तोंड देण्यासाठी एखाद्या गावाने किंवा वस्तीने एकत्र येऊन काय केले, हे तो गट प्रत्यक्ष पाहतो, तेथील माणसांशी बोलतो आणि त्यावर माहितीपट तयार करतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

या उपक्रमाचे महत्त्व कशात आहे? हवामान बदलाविषयी तरुण पिढीसमोर रोज जे येते ते बहुतांशी संकटाचे चित्र असते. पूर, दुष्काळ, वितळणाऱ्या हिमनद्या. ही चित्रे खरी आहेत, पण ती सतत पाहणाऱ्या मुलाच्या मनात हळूहळू हताशपणा घर करतो. आपल्यासारख्याच सामान्य माणसांनी, हाताशी असलेल्या साधनांनी काही मार्ग काढला आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिले तर विचारांची दिशा बदलते. संकटाच्या चित्रणातून जाणीव येते, तर उपायाच्या दर्शनातून हात कामाला लागतात.

आपल्या देशात या प्रकारची एक उल्लेखनीय यात्रा २००९ साली झाली. अमेरिकेतील येल विद्यापीठातून रजा घेऊन भारतात आलेली एक तेवीस वर्षांची अभियंता तरुणी आणि फुलब्राइट शिष्यवृत्तीवर येथे काम केलेली तिची सहकारी, या दोघींनी एक अफाट कल्पना मांडली. विजेवर चालणाऱ्या मोटारींतून देशभर फिरायचे, ठिकठिकाणचे ऊर्जाविषयक उपाय शोधायचे आणि ते चित्रित करायचे. हवामानाच्या प्रश्नावर भारतीय तरुणांना संघटित करणारे ‘इंडियन युथ क्लायमेट नेटवर्क’ त्या सुमारास नुकतेच उभे राहत होते. त्याच्या सहकार्याने ही योजना आकाराला आली. बंगळुरूच्या ‘रेवा’ मोटारीचे जनक चेतन मैनी यांनी तीन मोटारी उपलब्ध करून दिल्या. त्यांना अधिक क्षमतेच्या बॅटऱ्या बसवल्या होत्या, त्यामुळे सहा तासांच्या चार्जिंगवर सुमारे दीडशे किलोमीटर अंतर कापता येत असे. छतावर सोलर पॅनेल होते, त्यातून आणखी थोडी भर पडे.

१ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २००९ या काळात हा काफिला चेन्नईहून दिल्लीला पोहोचला. अंतर सुमारे ३४०० किलोमीटर. वाटेत १५ शहरे आणि कितीतरी गावे लागली. ठिकठिकाणी विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिले गेले आणि देशी ऊर्जा-प्रयोगांवर २० चित्रफिती तयार झाल्या. सोबत सौरऊर्जेवर चालणारा वाद्यवृंद होता. सामान वाहणारा ट्रक मोगली एरंड आणि करंज यांच्या तेलावर धावत होता. अमेरिकन पत्रकार थॉमस फ्रीडमन यांनी या यात्रेवर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्तंभ लिहिला आणि तिची वार्ता जगभर गेली.

प्रवासाने होणारे प्रदूषण टाळण्यासाठी वाहनेच तशी निवडली, ही या तरुणांची विचाराची सुसंगती दाद देण्याजोगी होती. अर्थात हिशेब काटेकोर मांडायचा तर हेही नोंदवले पाहिजे की मोटारींची बहुतांश वीज गावोगावच्या जोडणीतून येत होती आणि त्या काळी देशातील बरीचशी वीज कोळशापासून तयार होत होती. तरीही प्रयत्नाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

परंतु या यात्रेकडे आज मागे वळून पाहिले तर तिच्यातून एक अधिक मोठा धडा मिळतो. त्या काफिल्याबरोबर त्या काळाच्या तीन आशा चालल्या होत्या. वनस्पतीचे तेल, सूर्याची वीज आणि विजेची मोटार. या तीन आशांचे पुढे काय झाले?

पहिली आशा मोगली एरंडाची. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली या झुडपाची पडीक जमिनीवर प्रचंड प्रमाणात लागवड सुचवली होती आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य धरले होते. पाणी नाही, खत नाही, तरी भरघोस तेल मिळेल, असा समज होता. प्रत्यक्षात अशा जमिनीवर उत्पन्न फारच कमी आले. झाडाला फळ धरायला काही वर्षे लागत. २००६ पासून सरकारी खरेदीचा दर लिटरला २५ रुपये होता आणि उत्पादनखर्च त्याहून अधिक होता. तोट्याचा सौदा कोण किती दिवस करणार? पुढे २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने तेच २० टक्क्यांचे लक्ष्य २०१७ पर्यंत पुढे नेले, पण मिश्रण एक टक्क्यापर्यंतही पोहोचले नाही.

दुसरी आशा सूर्याची. तिने सर्वांचे अंदाज उलट दिशेने खोटे ठरवले. २०१०-११ साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तोच दर १ रुपया ९९ पैशांवर उतरला. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

तिसरी आशा विजेच्या मोटारीची. २०१० साली रेवा कंपनीची बहुसंख्य मालकी महिंद्र समूहाकडे गेली, ती चिमुकली मोटार यथावकाश बंद झाली, पण विजेवर चालणारे वाहन आज आपल्या गल्लीत रोज दिसते.

म्हणजे त्या वेळी कॅमेऱ्यासमोर सारख्याच उत्साहाने मांडल्या गेलेल्या तीन गोष्टींपैकी एक फसली, एक अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेली आणि एकीने वेगळे रूप घेतले. चित्रीकरणाच्या दिवशी हे कोणालाच सांगता आले नसते. यात तरुणांचा दोष नाही. मात्र यावरून हे ध्यानात येते की माहितीपटात दिसणारा उपाय ही एका दिवसाची नोंद असते. तिचा खरेखोटेपणा ठरवणारे वर्ष पुढे असते.

हे अधिक स्पष्ट करणारे उदाहरण बिहारचे आहे. जहानाबाद जिल्ह्यातील धरनई या गावात अनेक वर्षे वीज नव्हती. जुलै २०१४ मध्ये एका पर्यावरण संस्थेच्या पुढाकाराने तेथे १०० किलोवॉटचे सौर केंद्र उभे राहिले. सुमारे साडेचारशे घरे, रस्त्यावरचे दिवे, शाळा उजळली. देशविदेशातील कॅमेरे आले. परंतु या विजेवर दिवे आणि पंखे चालत, मोठी उपकरणे चालत नसत, आणि दरही जास्त होता. त्यामुळे गावकरी ‘असली बिजली’ मागू लागले. लवकरच सरकारी वीज आली, ती स्वस्त होती. सौर केंद्राच्या बॅटऱ्या सुमारे तीन वर्षांत संपल्या आणि त्या बदलल्या गेल्या नाहीत. २०२१ च्या अखेरीस वार्ताहर पुन्हा तेथे गेले, तेव्हा केंद्राच्या आवारात गुरे बांधलेली होती.

व्यापारी माणसाला यातले मर्म चटकन उमगेल. कोणतेही यंत्र विकत घेतले की त्याच दिवसापासून त्याचा घसारा सुरू होतो. दुकानाच्या ताळेबंदात दरवर्षी घसाऱ्याची रक्कम दाखवली जाते, आणि शहाणा मालक यंत्र मोडण्यापूर्वीच ते बदलण्याची तजवीज करून ठेवतो. धरनईत उद्घाटनासाठी पैसा होता, बॅटरी बदलण्यासाठी नव्हता. उद्घाटनाचे चित्रण सुंदर येते. घसारा मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही, तो विचारावा लागतो.

आता दुसरे गाव पाहू. तमिळनाडूच्या कोइंबतूर जिल्ह्यात ओडनथुराई नावाची ग्रामपंचायत आहे. २००६ साली या पंचायतीने ३५० किलोवॉटची पवनचक्की विकत घेतली. किंमत सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये. पंचायतीने स्वतःच्या बचतीतून ४० लाख घातले आणि उरलेले बँकेकडून कर्ज घेतले. तयार होणारी वीज राज्याच्या वीज मंडळाला दिली जाते. गावाची गरज भागून जी वीज उरते तिचे पैसे मिळतात. त्या उत्पन्नातून कर्ज फेडले गेले. येथे देणगी नव्हती, कर्ज होते, आणि म्हणून पहिल्या दिवसापासून हिशेब होता. पवनचक्की गावाच्या मालकीची होती. एखाद्या विद्यार्थी-गटाने केवळ फिरत्या पात्यांची दृश्ये टिपून निघून जावे, यापेक्षा पंचायतीच्या कपाटातील खातेवही उघडायला लावावी, हे अधिक मोलाचे ठरेल.

आपल्या महाराष्ट्रातील हिवरे बाजार हे तर अशा अभ्यासदौऱ्यांचे नित्याचे ठिकाण आहे. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या दुष्काळी गावाने बांधबंदिस्ती केली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. टेकड्या हिरव्या झाल्या, त्यांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. पवार यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. परंतु गावाची खरी शक्ती छायाचित्रात मावत नाही. दरवर्षी पावसाळा संपल्यावर ग्रामसभा पाण्याचा अंदाजपत्रकी हिशेब मांडते. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी, मग शेती. पाऊस कमी असेल तर कोणती पिके घ्यायची नाहीत हे ठरते. शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही, उसासारखे जादा पाण्याचे पीक घ्यायचे नाही, हे नियम गावाने स्वतःला घातले. हिरवी टेकडी हा परिणाम आहे, कारण ग्रामसभेत आहे. ज्या माहितीपटात टेकडी आहे पण ग्रामसभा नाही, तो पाहून दुसरे गाव झाडे लावील, नियम लावणार नाही, आणि मग अपयशाचे खापर पावसावर फोडील. अपुऱ्या चित्रणाची किंमत अशी दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

म्हणून अशा यात्रेला निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. एका दिवसात तीन गावे करण्यापेक्षा एका गावात तीन दिवस राहावे. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवावा. सरपंचांची मुलाखत घ्यावीच, पण पाणी भरणाऱ्या स्त्रीचे, पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाचे आणि योजनेला विरोध केलेल्या गृहस्थाचेही ऐकावे. पैसा कोठून आला, दुरुस्ती कोण करतो, मोडले तर निधी कोठे आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावेत. ज्यांचे चित्रण केले त्यांची संमती घ्यावी आणि तयार झालेला माहितीपट सर्वप्रथम त्याच गावात दाखवावा. चुकले असेल तर गावकरी तेथेच सांगतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काही वर्षांनी पुन्हा जावे. पहिल्या गटातील विद्यार्थी तोवर नोकरी-व्यवसायाला लागलेले असतील, तेव्हा जुने टिपण नव्या गटाच्या हाती द्यावे.

हे शेवटचे काम एकट्या विद्यार्थ्याला जमणारे नाही. महाविद्यालयातून मुले दरवर्षी बाहेर पडतात, उत्साह त्यांच्याबरोबर जातो. टिकून राहतात त्या संस्था. पन्नास वर्षे वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, पुस्तकपेढ्या चालवणाऱ्या समाजाला सातत्य म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा संस्थांनी विद्यार्थ्यांच्या या यात्रांना साहाय्य करताना जाण्याच्या भाड्याबरोबर पाच वर्षांनी पुन्हा जाण्याचे भाडेही राखून ठेवावे. रक्कम मोठी नाही. पण ती राखून ठेवली आहे हे ठाऊक असले की पहिला गटही अधिक जबाबदारीने पाहील, कारण आपली नोंद कोणीतरी पडताळणार आहे याची त्याला जाणीव राहील.

उपाय फसला असे दुसऱ्या भेटीत दिसले, तर तेही चित्रित करावे. मोगली एरंड का फसला, धरनईच्या बॅटऱ्या का बदलल्या गेल्या नाहीत, हे कळल्याने पुढच्या गावाचे पैसे आणि वर्षे वाचतात. नफ्याबरोबर तोट्याचीही नोंद असलेली वही विश्वासाची असते. आपल्या मुलामुलींनी अशी वही घेऊन देश पाहावा, हीच या प्रसंगी सदिच्छा.