परवानगी पाण्याच्या मापाने



रस्ते, पूल, जलविज्ञान व पर्यावरण मूल्यांकन या क्षेत्रांत काम करणाऱ्यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. अध्यक्षाने व्यवसायापुढच्या सगळ्याच प्रश्नांचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. मी मात्र आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. महामार्ग रुंद करताना वाटेत येणारे वहाळ, ओढे, खाजणे आणि पाणथळ जागा यांच्यासाठी पर्यावरणीय परवानगी केव्हा लागते, केव्हा लागत नाही आणि ती मिळवताना आपण काय तपासतो, हा तो प्रश्न. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे ही परवानगी रस्त्याच्या लांबी-रुंदीवर ठरते. रस्ता कोणत्या पाण्यावरून जातो आणि त्या पाण्याचे काय करतो, यावर ती ठरायला हवी.

आपल्या सर्वांच्या परिचयाचा मुंबई-गोवा महामार्गच उदाहरणादाखल घेऊ. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आजचा ६६. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पुढचा मार्ग अनेक टप्प्यांत वाटून वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे दिला गेला. कोकणची ठेवणच अशी आहे की नद्या सह्याद्रीवरून पश्चिमेला समुद्राकडे धावतात आणि हा रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. त्यामुळे पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, अर्जुना, गड या साऱ्या नद्या तो ओलांडतो. या नद्यांवरच्या पुलांची नावे सर्वांना ठाऊक असतात. पण दोन नद्यांच्या मधे जे असंख्य वहाळ आणि पऱ्हे रस्त्याखालून जातात, त्यांना नकाशावर नाव नसते. आपल्या कागदांत त्यांना फक्त साखळी क्रमांक असतो, आणि त्यापुढे ‘नळमोरी’ किंवा ‘पेटीमोरी’ एवढीच नोंद.

आता कायदा पाहू. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार ३० किलोमीटरपेक्षा जास्त लांबीच्या आणि २० मीटरपेक्षा जास्त अतिरिक्त रुंदी संपादन करणाऱ्या महामार्ग विस्ताराला परवानगी लागत असे. २२ ऑगस्ट २०१३ च्या दुरुस्तीने ही मर्यादा राष्ट्रीय महामार्गांसाठी १०० किलोमीटरपर्यंत नेली आणि अतिरिक्त रुंदीची अट अस्तित्वातील मार्गरेषेवर ४० मीटर, वळणमार्ग व नव्या आखणीवर ६० मीटर अशी केली. म्हणजे एखादा रस्ता ९० किलोमीटरचा असेल, तर तो शंभर वहाळ बुजवून जातो की एकही नाही, हा प्रश्न या अधिसूचनेखाली विचारलाच जात नाही. आणि परवानगीच लागत नसेल, तर त्या परवानगीसाठीची जनसुनावणीही होत नाही.

तमिळनाडूतील विल्लुपुरम ते नागपट्टिनम या सुमारे १८० किलोमीटरच्या महामार्गाचा खटला आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. तो रस्ता चार भागांत विभागलेला होता आणि प्रत्येक भाग शंभर किलोमीटरच्या आत होता. मद्रास उच्च न्यायालयाने परवानगी आवश्यक ठरवली. १९ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बदलला; मात्र शंभर किलोमीटरपेक्षा लांब महामार्गांचे असे तुकडे पाडता येतात का आणि येत असतील तर कोणत्या परिस्थितीत, हे तपासण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला दिला. न्यायालयाला हा प्रश्न पडावा, यातच आपल्या व्यवसायासाठी सूचना आहे. कंत्राटाच्या सोयीसाठी रस्त्याचे टप्पे पाडणे समजू शकते. पाणलोट मात्र त्या टप्प्यांच्या सीमा पाळत नाही.

पाणथळ जागांसाठी वेगळे नियम आहेत. २०१७ चे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम पाणथळीचा अन्य वापर आणि तिच्यावरचे अतिक्रमण यांना मनाई करतात. पण त्यांच्या व्याख्येतून नद्यांची पात्रे आणि भातखाचरे वगळली आहेत, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलसाठेही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षण दिलेली २,०१,५०३ पाणथळ क्षेत्रांची यादी २.२५ हेक्टरांपेक्षा मोठ्या जागांची आहे. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, जून ते ऑक्टोबर पाणी धरणारी डबकी या यादीत सापडणार नाहीत. खारफुटीची स्थिती त्या मानाने बरी आहे. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा भंग ठरवला आणि तिच्याभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा कायम केला. म्हणून खाडीच्या तोंडाशी आपण सावध असतो. त्याच खाडीला गोडे पाणी पुरवणाऱ्या वहाळाशी, दहा किलोमीटर आत, तितकी सावधगिरी आपल्याला सक्तीची नसते.

आणखी एक गोष्ट मला फार गंभीर वाटते. प्रभाव मूल्यांकनासाठी लागणारी आधारभूत माहिती पावसाळा सोडून एका हंगामाची असली तरी चालते. हवेतल्या धुळीसाठी ही पद्धत योग्य असेल. कोकणच्या पाण्यासाठी ती अयोग्यच आहे. मार्चमध्ये सर्वेक्षकाला वहाळाच्या जागी कोरडे गोटे दिसतात, सड्यावर कातळ दिसतो, मळ्यात भेगाळलेली जमीन दिसते. तो प्रामाणिकपणे ‘प्रवाह नाही’ असे लिहितो. जुलैमध्ये तिथेच कमरेएवढे पाणी असते. ज्या चार महिन्यांत रस्त्याची आणि पाण्याची खरी गाठ पडते, तेच महिने आपल्या अहवालातून गळतात.

या गाठीत नेमके काय घडते, ते अभियंत्यांच्या सभेत स्पष्ट सांगायला हवे. जुन्या दुपदरी रस्त्याखालची मोरी दहा-बारा मीटर लांब असते. चौपदरीकरणात ती दोन्ही बाजूंनी वाढवून तिप्पट लांब होते. उतार तोच राहतो, घर्षण वाढते, गाळ आत बसतो. त्याहून मोठी चूक म्हणजे प्रवाह एकत्र करणे. दोन-तीन वहाळ कडेच्या गटारातून वळवून एकाच मोरीत सोडले की दोन मोऱ्यांचा खर्च वाचतो. पश्चिम महाराष्ट्राच्या नद्यांवरून बेतलेले इंग्लिस सूत्र आपण सगळेच वापरतो. एक चौरस किलोमीटर पाणलोटाला ते सेकंदाला सुमारे ३७ घनमीटर महत्तम विसर्ग देते. दोन चौरस किलोमीटरला सुमारे ७०. इतक्या लहान पाणलोटाला हे सूत्र जास्त आकडा देते असे धरून त्यात कपात केली, तरी खालच्या शेतावर येणारे पाणी जवळपास दुप्पट होणार, हा निष्कर्ष बदलत नाही. १२०० मिलिमीटर व्यासाच्या नळातून, वेग सेकंदाला तीन मीटर धरला तरी, साडेतीन घनमीटरही पाणी जात नाही. प्रवाह असे एकत्र केल्याने एका वाडीचे शेत खरवडून जाते, आणि ज्या वाडीचा वहाळ वळवला, तिथल्या विहिरी व पोफळीच्या बागा फाल्गुनातच तहानतात. ही दोन्ही नुकसाने कोणत्याही परवानगीच्या कागदावर उमटत नाहीत.

मग मासे. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे वहाळांतून वर, भाताच्या मळ्यांपर्यंत चढतात आणि तिथे अंडी घालतात. वलगणीचे हे मासे कोकणात लहान मुलालाही माहीत असतात. मोरीचा तळ वहाळाच्या तळापेक्षा हातभर उंच राहिला आणि खालच्या बाजूला पाण्याने खड्डा पाडला, की नळातून पडणारी धार त्यांना चढता येत नाही. एकच मोरी चुकीच्या पातळीवर बसली, तर तिच्या वरचा सगळा वहाळ त्या माशांना बंद होतो. हे टाळायला वेगळा निधी क्वचितच लागतो. पेटीमोरीचा तळ वहाळाच्या तळाखाली बसवून तो नैसर्गिक गोट्यांनी भरू दिला, की काम भागते.

पेण-वडखळच्या खारभूमीत प्रश्न वेगळा आहे. तिथे जमीन सपाट, भरती-ओहोटीच्या खेळातली. बांध आणि उघड्या (पाणी सोडण्या-अडवण्याची दारे) यांच्यावर तिथली भातशेती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. अशा जमिनीवर उंच भराव घातला की तो आडवा बंधारा होतो. पाणी कुठून कुठे सरते, हे तिथल्या शेतकऱ्याइतके कोणत्याही नकाशाला ठाऊक नसते. त्याला विचारल्याशिवाय भरावाची पातळी ठरवणे अशास्त्रीय आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

दुसरीकडे काय चालते, हेही पाहावे. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याच्या कलम ४०४ खाली ओढ्यात किंवा पाणथळीत भराव टाकायचा तर लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी लागते. तिथे क्रम ठरलेला आहे: आधी हानी टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, उरलेली भरून काढा. रस्त्यासारख्या रेषीय प्रकल्पाला सोपी, सरसकट परवानगी मिळते. पण एका ओलांडणीवर भरतीच्या पाण्याबाहेरची अर्ध्या एकरापेक्षा जास्त पाणथळ जाणार असेल, तर स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. २०२३ च्या सॅकेट खटल्यातील निकालाने या कायद्याखाली येणाऱ्या पाणथळींची व्याप्ती तिथेही आक्रसली आहे. ती व्यवस्था निर्दोष नाही. पण तिचे मोजमाप पाण्याच्या जागी उभे राहून केलेले आहे, आणि तेवढे आपण घ्यायला हरकत नाही.

आपल्या राज्यातही अनुकरणीय उदाहरण आहे. नागपूर-शिवनी दरम्यानचा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारून जातो. न्यायालयीन लढ्यानंतर महाराष्ट्रातल्या सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यात पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल वन्यप्राण्यांसाठी बांधले गेले. त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी वाघासह १८ प्रजाती तिथून जाताना टिपल्या. रस्ता झाला, वाहतूक सुरू आहे आणि वाघही पलीकडे जातो. एका जंगलासाठी जे शक्य झाले, ते वहाळांसाठी त्याहून किती तरी स्वस्तात शक्य आहे.

या साऱ्याने रस्ता रखडेल, हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. कोकणी माणसाने या महामार्गासाठी अतोनात वाट पाहिली आहे आणि अपघातांत जवळची माणसे गमावली आहेत. कर्नाळा अभयारण्याच्या भागात परवानगीला वेळ गेला, हेही खरे. पण भूसंपादन आणि कंत्राटदारांची आर्थिक ओढाताण यांनीही हा रस्ता रखडवला, हे विसरून चालणार नाही. आणि पाण्याकडे दुर्लक्ष करून वाचवलेला वेळ कोकणात टिकत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बसगाड्या व इतर वाहने गेली. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. त्या पुराची कारणे अनेक होती, एकट्या रस्त्यावर त्याचा दोष टाकता येणार नाही. पण या नद्यांच्या खोऱ्यांत एक मोरी काढताना किंवा एक भराव घालताना आपण किती सावध असायला हवे, हे त्या दिवसांनी शिकवले आहे.

म्हणून शासनाकडे आपल्या मागण्या तीन असाव्यात. महामार्ग विस्ताराच्या परवानगीचा निकष लांबी-रुंदीबरोबर ओलांडल्या जाणाऱ्या पाण्यावरही ठरावा. एका मार्गाच्या सर्व टप्प्यांचा पाण्यावरचा परिणाम एकत्र तपासला जावा. आणि पश्चिम घाट व कोकणातील मूल्यांकनात पावसाळ्याची माहिती सक्तीची व्हावी. रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती उचलायला २०२० मध्ये दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली, हे पाहता अशा मागण्यांना आज वाव आहे.

पण आपली कामे त्या बदलाची वाट पाहत थांबवू नयेत. सविस्तर प्रकल्प अहवालावर सही आपण करतो. त्यात प्रत्येक वहाळाची नोंदवही जोडण्यापासून आपल्याला कोणताही कायदा अडवत नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये गावकऱ्यांसह मार्गरेषा पायी चालावी. प्रत्येक ओलांडणीचा पाणलोट, तळाची पातळी, पाणी वाहण्याचे महिने, मासे चढतात का, खाली कोणाची शेते व विहिरी आहेत, हे लिहावे. प्रवाह एकत्र करायचा असेल तर आधी खालच्या आणि वरच्या दोन्ही वाड्यांच्या ग्रामसभेत त्याची चर्चा व्हावी. डोंगर कापण्याआधी मातीची जागा निश्चित व्हावी, म्हणजे ती वहाळात ढकलली जाणार नाही. आणि दोषदायित्वाच्या मुदतीत येणाऱ्या प्रत्येक पावसाळ्यात प्रत्येक मोरीची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष गावाला कळावेत.

तरुण सहकाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की परवानगी ही किमान मर्यादा आहे. तिच्या वर आपण किती काम करतो, यावर आपल्या व्यवसायाची प्रतिष्ठा ठरते. परवानगीची गरज नाही, असे कागद सांगत असेल, तिथेच आपल्या विवेकाची गरज सर्वांत जास्त असते.

या अधिवेशनाच्या खुल्या सत्रासाठी मी अध्यक्ष या नात्याने एक ठराव मांडत आहे: यापुढे आपला कोणताही सभासद महामार्ग रुंदीकरणाच्या ज्या अहवालावर सही करील, त्याला पावसाळ्यात तयार केलेली वहाळांची नोंदवही जोडलेली असेल. आपण सर्वांनी एकमुखाने या ठरावाला अनुमोदन द्यावे आणि येत्या जुलैपासून त्याप्रमाणे काम सुरू करावे, अशी मी आपणास कळकळीची विनंती करतो.