प्राचार्यांच्या कॅसेटने मला काय शिकवलं

(मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेलं भाषण)

अध्यक्ष महोदय, मंडळाची ज्येष्ठ मंडळी, आणि आज बक्षीस मिळालेली व न मिळालेली सगळी मुलं,

वक्तृत्वावर बोलायला मला बोलावलंय, हे ऐकून सगळ्यात जास्त आश्चर्य माझ्या आईला वाटलं. ती समोरच बसली आहे. मी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागात उपयंत्री, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. दिवसभर पंप, पाइप, टाक्या आणि हिंदी. घरी आलं की मराठी, तीही आपली इंदुरी, 'येऊन राहिलो, जेवून राहिलो'वाली. त्यामुळे मी इथे एका मोठ्या वक्त्याचा श्रोता म्हणून उभा आहे. ते वक्ते म्हणजे प्राचार्य शिवाजीराव भोसले.

मुलांसाठी थोडं सांगतो. शिवाजीरावांचा जन्म १९२७ सालचा. विषय तत्त्वज्ञान. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २०१० साली ते गेले. महाराष्ट्रातल्या किती गावांनी त्यांची व्याख्यानं ऐकली असतील, त्याला गणती नाही. माझी आत्या फलटणची. तिने पाठवलेल्या त्यांच्या व्याख्यानांच्या तीन कॅसेट बाबांकडे होत्या. रविवारी सकाळी आमच्याकडे त्या लागायच्या आणि मी हळूच पतंग घेऊन गच्चीवर पळायचो.

बाबा गेले तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. याच सभागृहात शोकसभा झाली. घरातर्फे मी बोलायचं ठरलं. मी दोन रात्री जागून भाषण लिहिलं. 'कर्मयोगी', 'ऋषितुल्य', 'दीपस्तंभासमान', जेवढे मोठे शब्द सापडले तेवढे सगळे घातले. पाठही केलं. न अडखळता बोललो. लोकांनी पाठीवर हात ठेवला. घरी आल्यावर आई म्हणाली, "छान बोललास रे. पण त्यात हे कुठे होते?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही दिवसांनी बाबांचं कपाट आवरताना त्या कॅसेट निघाल्या. एकीची फीत बाहेर आली होती. बाबा करायचे तशी पेन्सिल घालून ती गुंडाळली आणि पहिल्यांदा नीट बसून ऐकली. विवेकानंदांवरचं व्याख्यान होतं. मग ते पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, घाई नाही. शिवाजीराव एक वाक्य बोलतात, थांबतात, मग पुढचं. आधी मला वाटलं, त्यांना आठवत नसेल. नंतर लक्षात आलं, ते आपल्यासाठी थांबतात. ऐकणाऱ्याला वाक्य आत घ्यायला वेळ लागतो. टाकी भरायची तर पाण्याचा जोर पाइपला सोसेल एवढाच ठेवावा लागतो, हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक. बोलताना मात्र आपण सगळे वॉल्व्ह एकदम उघडतो.

दुसरी गोष्ट, हातात कागद नाही. पण याचा अर्थ तयारी नाही असा नव्हे. त्यांनी तो विषय वर्षानुवर्षं वाचला होता, वर्गात शिकवला होता. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ तुटते. विषय पचलेला असेल तर एक शब्द गेला तरी दुसरा येतो.

तिसरी गोष्ट, आवाज चढवत नाहीत. टाळीसाठी थांबत नाहीत, हशासाठी विनोद करत नाहीत. समोरचा माणूस आपल्याइतकाच समजूतदार आहे, असं धरून बोलतात. श्रोत्यांना हा मान दिला की श्रोतेही शांत बसतात.

याचा उपयोग मला व्यासपीठावर नाही, नोकरीत झाला. एका गावात नळयोजनेची माहिती द्यायला ग्रामसभेत उभा होतो. सवयीने सुरू केलं, "प्रति व्यक्ति, प्रति दिन ५५ लीटर..." पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "मतलब कितनी बाल्टी?" मी थांबलो. मनात हिशेब केला आणि म्हणालो, "माँजी, पंधरा लिटरची बादली धरली तर माणशी पावणेचारच्या आसपास." मग लोक बोलायला लागले. घरात सात माणसं, म्हणजे किती? म्हशींचं काय? उन्हाळ्यात काय? दोन तास सभा चालली. काही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, तेही तसंच सांगितलं. पूर्वी मी पंधरा मिनिटांत भाषण संपवून जीपमध्ये बसायचो.

आता आजच्या स्पर्धेबद्दल, रागावू नका. आज नऊ मुलं बोलली. बहुतेक भाषणं आपण मोठ्यांनी लिहून दिलेली होती, मोबाइलवरून उतरवलेली. आवाज मुलांचा, शब्द आपले. एक छोटी मुलगी मध्येच विसरली. डोळ्यांत पाणी आलं. मग तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली, की तिच्या आजीला उकडीच्या मोदकाला अकरा कळ्या लागतातच आणि हिच्या मोदकाला पाचच पडतात. मंडप हसला आणि ऐकायला लागला. तिला बक्षीस मिळालं नाही, पण आज बोलली ती तीच. त्या वाक्यांत हिंदीचे दोन-तीन शब्द होते. असू देत. इथली आपली मुलं आधी मराठीत बोलती व्हायला हवीत, मग मराठी नीट होईल.

टिळकांनी १८९३ पासून उत्सव चौकात आणला, तेव्हा व्याख्यानं हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी विषय ठेवा, 'माझ्या घरातलं एक माणूस'. वेळ तीन मिनिटं. कागद नाही, आणि आई-बाबांनी लिहून द्यायचं नाही.

त्या विषयावर मला बोलायचं झालं तर आज मी एवढंच सांगेन. माझे बाबा या मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या फाडायचे. सायकलवरून घरोघर जायचे. पावती दिल्यावर लगेच निघायचे नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत विचारायचे, पाणी प्यायचे, मग उठायचे. त्यामुळे रोज रात्री उशीर व्हायचा आणि आई जेवायची थांबायची.

आई, हे त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं.

गणपती बाप्पा मोरया.