ठरल्यापेक्षा कमी

१९२८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील ओटो टिंकलपॉ यांनी माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडाच्या डोळ्यांदेखत कपाखाली केळ्याचा तुकडा ठेवायचा आणि नंतर नजर चुकवून तिथे लेट्यूसचे पान सरकवायचे. एरवी माकड हे पान खुशाल खाई. आता मात्र ते कपाच्या आत, आजूबाजूला केळे शोधत राही, पान तसेच टाकून जाई आणि कधी कधी माणसांकडे वळून चिडून ओरडे.

१९४२ मध्ये लिओ क्रेस्पी यांनी ही चीड मोजली. बोळातून धावत खाद्यापर्यंत जाणाऱ्या पांढऱ्या उंदरांचा वाटा त्यांनी २५६ भागांवरून १६ वर आणला. उंदीर मंदावले, आणि तेही इतके, की पहिल्यापासून सोळाच भाग मिळणारे उंदीर त्यांच्यापुढे निघून गेले. वाटा दोघांचा सारखाच होता. फरक होता तो आधीच्या आठवणीचा.

मेंदूत तेव्हा काय होते? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामाइन पेशींचे विद्युत्-संकेत टिपले. अवचित फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात संकेत देतात. पण रस येणार असल्याची ओळखीची खूण दिसूनही रस आला नाही, तर तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्या जवळजवळ गप्प होतात. बाहेर काहीच घडलेले नसते, तरी मेंदूला उणीव कळते, आणि तीही वेळेसकट! हॅबेन्युला नावाचा चिमुकला भाग अशा वेळी चेततो आणि डोपामाइन पेशींना दाबतो, हे मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी २००७ मध्ये दाखवले.

चार्ल्स फ्लॅहर्टी यांचे निरीक्षण मनाला लागते. ३२ टक्के साखरेच्या पाण्याची सवय झालेल्या उंदरांना त्यांनी ४ टक्क्यांचे पाणी दिले. उंदरांनी ते लगेच कमी प्यायले, पण रक्तातले ताणाचे संप्रेरक वाढले ते दुसऱ्या दिवशी. चिंता शमवणारे औषधही दुसऱ्याच दिवशी लागू पडले. ते दिल्यावर उंदीर जास्त पिऊ लागले. पहिला दिवस शोधाशोधीचा, दुसरा त्रासाचा. या त्रासाला दुःख म्हणायला कचरण्याचे कारण नाही.

सगळ्याच प्राण्यांचे असे नाही. खाद्य घटवले तरी गोल्डफिश मासा पूर्वीच्याच वेगाने पोहत राहतो. मधमाशी मात्र दाट पाकानंतर पातळ पाक मिळाला, की पिता पिता मध्येच थांबते.